त्याची तुलना त्याच्याशीच: डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढाला डिमेन्शिया होतो तेव्हा

दादाला, म्हणजे डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या मोठ्या भावाला, शर्टाची बटणं लावायला लहानपणापासून कुणाची मदत लागली नव्हती. वेळ लागायचा, पण लावायचा स्वतःच. एकोणपन्नासाव्या वर्षी एका सकाळी तो आरशासमोर उभा होता, शर्ट अंगात, बोटं वरच्या बटणावर, आणि पुढे काय करायचं ते बोटांना आठवत नव्हतं. मला घाई होती. मी बटणं लावून दिली आणि विसरून गेले. सात-आठ महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "बदल कधीपासून जाणवतोय?" तेव्हा मी म्हटलं, "नक्की नाही सांगता येणार."

त्या एका उत्तरापायी आमचे बरेच महिने गेले. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या बाबतीत बदल ओळखायचा कसा, हा प्रश्न इतर कुणाहीपेक्षा अवघड असतो, कारण त्याची मोजपट्टी त्याची स्वतःचीच असते. आज कोणता वार, शंभरातून सात वजा करा, असल्या नेहमीच्या चाचण्या इथे निरुपयोगी. ज्याला ते कधीच जमत नव्हतं त्याला आज जमलं नाही, यातून काय कळणार?

हे का होतं, थोडक्यात

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. १९५९ मध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. याच गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक आहे. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं द्रव्य ज्या मूळ प्रथिनापासून सुटतं, ते हे जनुक बनवतं. जनुकाच्याही दोनऐवजी तीन प्रती, म्हणजे दीडपट काम चालू राहिलं की साठवण लवकर सुरू होते. चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडतात. लक्षणं दिसायला आणखी काही वर्षं जातात. निदान होण्याचं सरासरी वय पन्नाशीच्या पहिल्या अर्ध्यात, साधारण ५३ ते ५५. दीर्घायुष्य लाभलं तर डिमेन्शिया होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते.

आधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ते साठीच्या घरात आहे. त्यामुळे आज सांभाळणारे आईवडील पंचाहत्तरी-ऐंशीचे असतात, किंवा नसतातच, आणि जबाबदारी भावंडांवर आलेली असते. हा लेख मुख्यतः त्या भावंडांसाठी आहे.

पहिली पायरी: तो ठणठणीत असताना एक वही

तिशी ते पस्तिशीच्या दरम्यान, काहीही बिघडलेलं नसताना, त्याला काय काय येतं ते लिहून ठेवा. मनात ठेवू नका, लिहा. "स्वतःचं स्वतः करतो" असं मोघम लिहून उपयोग नाही. "आंघोळीचं पाणी स्वतः सोडतो, पाठ चोळायला मदत लागते, कपडे आम्ही काढून देतो पण कोणते घालायचे ते स्वतः ठरवतो" इतकं बारीक हवं. किती माणसांची नावं आठवतात, कोणत्या ओळखीच्या रस्त्याने एकटा जातो, एका वेळी किती सूचना ऐकून पार पाडतो, कशावर हसतो, कशाला घाबरतो. स्वतःची सही करत असेल तर एक पान त्याच्या सहीचं.

व्हिडिओ तर हवेतच. दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास त्याच चार गोष्टींचे: जिना उतरताना, शर्ट घालताना, जेवताना, आणि दोन मिनिटं गप्पा मारताना. पाच वर्षांपूर्वीचा जिन्याचा व्हिडिओ आणि आजचा शेजारी शेजारी लावला की डॉक्टरांना जे दिसतं ते तासभर सांगूनही सांगता येत नाही. आमच्याकडे असे व्हिडिओ नव्हते. शेवटी एका लग्नाच्या चित्रफितीत दादा पायऱ्या उतरताना सापडला, त्यावर भागवलं.

चाळिशीपासून दरवर्षी एकदा पद्धतशीर पाहणी करावी, अशी शिफारस आहे. त्यासाठी एनटीजी-ईडीएसडी नावाची प्रश्नावली मोफत मिळते. ती त्या व्यक्तीने नाही, तिला रोज पाहणाऱ्या माणसाने भरायची असते. तिच्यातून निदान होत नाही. डॉक्टरांसमोर काय मांडायचं ते मात्र नेमकं होतं. तज्ज्ञांकडे कॅमडेक्स-डीएससारख्या, खास डाउन सिंड्रोमसाठी केलेल्या चाचण्याही असतात. तुमच्या डॉक्टरांना ही नावं माहीत नसतील तर संकोच न करता सांगा.

कोणत्या बदलांकडे पाहायचं

बहुतेकांच्या डोक्यात डिमेन्शिया म्हणजे विसरणं. डाउन सिंड्रोममध्ये पुष्कळदा सुरुवात विसरण्याने होत नाही. आधी स्वभाव बदलतो. बडबड्या माणूस गप्प होतो. नीटनेटका गबाळा होतो. हट्टीपणा वाढतो, किंवा उलट कशातच रस उरत नाही. ज्या कामात दोन-तीन टप्पे ओळीने करायचे असतात ते काम मधेच अडतं, बटणांसारखं. घरचे म्हणतात, "वय झालं", "लाडावलाय", "आळशी झालाय". मीही म्हटलं होतं.

दुसरी खूण पायांत दिसते. पायरीवर थबकणं, फरशीचा रंग बदलतो तिथे पाय उचलून ठेवणं, खुर्चीत बसताना मागे हाताने चाचपणं. समोरची जागा किती खोल आहे याचा अंदाज बिघडतो, म्हणून हे होतं. तिसरी खूण झोपेत: रात्री जाग, दिवसा पेंग. आणि चौथी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही, ती म्हणजे चाळिशी-पन्नाशीत आयुष्यात पहिल्यांदा आलेली फिट.

शिक्का मारण्याआधी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. डाउन सिंड्रोम म्हटलं की डॉक्टरही पटकन "अल्झायमर असणार" म्हणून मोकळे होतात. बरं करता येईल असं एखादं कारण त्या शिक्क्याखाली वर्षानुवर्षं दडून राहतं. पुढची यादी घेऊन जा आणि एकेक गोष्ट तपासून घ्या.

थायरॉइड मंदावणं डाउन सिंड्रोममध्ये फारच आढळतं. सुस्ती, मंदपणा, वजन वाढणं, उदासी हे सगळं त्यानेही होतं. रक्ताची साधी तपासणी पुरते आणि ती तशीही दरवर्षी करायची असते. त्याच वेळी बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर पाहून घ्या. गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास म्हणजे सिलिॲक आजारही या लोकांत जास्त दिसतो.

कान. कानाची नळी अरुंद असल्याने मळ घट्ट बसतो. हाक मारली तरी बघत नाही, याचा अर्थ ऐकू येत नाही इतकाच असू शकतो. डोळे: मोतीबिंदू लवकर होतो, आणि तो सांगत नाही की मला धूसर दिसतंय, कारण धूसर म्हणजे काय ते सांगण्याचे शब्द त्याच्याकडे नसतात. तो फक्त जिना उतरायचं नाकारतो.

झोपेत श्वास अडखळणं प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांत सापडतं. जोरात घोरणं, मधेच शांत होऊन धाप लागल्यासारखं उठणं, बसून झोपणं. रात्रभर मेंदूला प्राणवायू कमी मिळाला तर दिवसा माणूस हरवल्यासारखाच वागणार.

नैराश्य. आईवडील गेले, रोज कामाला जायची ती कार्यशाळा बंद झाली, आवडते शिक्षक सोडून गेले, भावंडाचं लग्न होऊन ते दुसरीकडे गेलं. अशा घटनेनंतर वर्षभराने दिसणारा बदल आपण त्या घटनेशी जोडत नाही. त्याचं दुःख उशिरा आणि शब्दांविना बाहेर पडतं. स्त्रियांमध्ये पाळी इतरांपेक्षा लवकर जाते. त्या काळातली चिडचिड आणि निद्रानाशही डिमेन्शियाच्या खात्यावर जमा होतो.

मान. हे कारण सुटू नये. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, वयानुसार मानेची झीजही लवकर होते. मज्जारज्जूवर दाब आला तर चाल बिघडते, हातातली ताकद जाते, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. हे सगळं "डिमेन्शिया वाढला" असं वाटू शकतं. चालणं आणि लघवीचा ताबा थोड्याच दिवसांत एकदम बिघडला तर वाट पाहू नका, मानेची तपासणी तातडीने मागा. भूल द्यायची वेळ आली तर मानेबद्दल भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.

औषधंही पाहा. लघवीच्या घाईवरची, ॲलर्जीची, झोपेची आणि जुन्या पद्धतीची काही नैराश्याची औषधं स्मरणशक्ती आणखी मंद करतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, नावं पाठ सांगत बसू नका.

आणि वय बघा. चाळिशीच्या आत डिमेन्शियाचं निदान कुणी करत असेल तर दुसरं मत घ्याच. विशीच्या आसपास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बोलणं, खाणं, हालचाल सगळंच ढासळण्याचा एक वेगळा आजार या लोकांत दिसतो. त्यावर उपचार असतात आणि तो अल्झायमर नसतो.

एवढं सगळं तपासूनही सहा महिन्यांहून जास्त काळ घसरण चालूच असेल, तर मग निदान मान्य करायचं. एमआरआय कधी उपयोगी, कधी नाही. डाउन सिंड्रोममधला मेंदू मुळातच वेगळा दिसतो, त्यामुळे चित्रापेक्षा तुमच्या वहीला जास्त वजन असतं.

त्याला सांगायचं का?

माझं मत: सांगायचं. त्याला कळेल अशा शब्दांत आणि थोडं थोडं. त्याला स्वतःला काहीतरी बिघडल्याचं जाणवत असतं. ते कुणीच मोठ्याने बोलत नसलं तर तो घाबरतो, किंवा चूक आपलीच आहे असं धरून बसतो. आम्ही म्हटलं, "दादा, तुझा मेंदू दमतोय. म्हणून बटणं विसरायला होतं. तुझी चूक नाही. आम्ही मदत करू." त्यावर त्याने विचारलं, "डोकं दुखणार?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. पुढे कित्येक दिवस काही अडलं की तोच सांगायचा, "मेंदू दमला."

औषधं

फार आशा ठेवू नका, पण एकदा विचारून घ्या. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं औषध काही डॉक्टर देतात. त्याने नाडी मंदावू शकते, म्हणून सुरू करण्याआधी ईसीजी काढून घेणं आणि अगदी कमी मात्रेने सुरुवात करणं रास्त. मेमॅन्टिन या दुसऱ्या औषधाची चाळिशीपुढच्या डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांवर वर्षभराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि त्यात फायदा दिसला नाही. अमायलॉइड काढून टाकणारी नवी इंजेक्शनं बातम्यांत येतात, पण त्यांच्या मुख्य चाचण्यांत डाउन सिंड्रोम असलेले लोक घेतलेले नव्हते. या लोकांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही अमायलॉइड जास्त साचतं, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव किंवा सूज येण्याची भीती अधिक असते. बातमी वाचून हट्ट धरू नका.

घर बदला, त्याला नाही

तो आता नवीन शिकणार नाही, तेव्हा घरानेच शिकायचं. दादाच्या न्हाणीघराच्या दारात एक काळं पायपुसणं होतं. तो दारापर्यंत जायचा, थांबायचा, मागे फिरायचा, मग कपडे ओले व्हायचे. आम्हाला वाटलं आंघोळीचा कंटाळा. तीन आठवड्यांनी घरी आलेल्या एका थेरपिस्टने पायपुसण्याकडे बोट दाखवलं: त्याला तिथे खड्डा दिसत होता. पायपुसणं उचललं, दादा आत गेला.

हे तत्त्व सगळीकडे लागू होतं. गडद चटई म्हणजे खड्डा, चकचकीत फरशी म्हणजे पाणी, दोन खोल्यांच्या फरशीचा रंग वेगळा असला की त्या सीमेवर पायरी. म्हणून जमीन सगळीकडे शक्यतो एकाच रंगाची आणि बिनचमकीची. याउलट ज्या वस्तू दिसायला हव्यात त्यांना उठून दिसणारा रंग द्या. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड दिसत नाही, बैठक गडद रंगाची करा. पांढऱ्या ताटात पांढरं अन्न दिसत नाही, ताट रंगीत घ्या. आधाराचे दांडेही भिंतीहून वेगळ्या रंगाचे.

संडासाचा दिवा रात्रभर चालू ठेवा आणि दार उघडं, म्हणजे पलंगावरून कमोड दिसेल. दारावर चित्र लावा, अक्षरं नाहीत. आरशातला माणूस परका वाटू लागला तर आरसा झाका. संध्याकाळी उजेड कमी होऊ देऊ नका. सावल्या लांबल्या की अनेकांची अस्वस्थता वाढते, तेव्हा दिवे अंधार पडण्याआधीच लावायचे. टीव्ही सतत चालू ठेवायची सवय मोडा. बाजूच्या आवाजात आपलं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आणि शक्यतो घर बदलू नका. ओळखीची जागा त्याच्या पायांना पाठ असते, डोक्याला नसली तरी. आजार वाढल्यावर दर महिन्याला एका भावंडाकडून दुसऱ्याकडे फिरवणं आपल्याला न्याय्य वाटतं, त्याला ते दर महिन्याला नवीन जग असतं. फिरायचंच असेल तर भावंडांनी त्याच्याकडे यावं.

बोलायचं कसं

एका वाक्यात एकच गोष्ट. "आंघोळ करून कपडे घालून बाहेर ये" यात तीन कामं आहेत. "चल, उभा राहा" एवढंच. ते झालं की पुढचं. बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येतं, फक्त उशिरा. तेवढ्यात आपण वाक्य बदलून पुन्हा विचारलं तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

समोरून या, डोळ्यांच्या पातळीवर. मागून हात लावू नका. वस्तू दाखवा: टॉवेल हातात दिला की आंघोळ कळते. पर्याय द्यायचे तर दोनच, दोन्ही समोर धरून.

आणि आता सगळ्यात अवघड. तो विचारेल, "आई कुठे?" आई जाऊन सहा वर्षं झालेली. पहिल्या वेळी मी खरं सांगितलं. दादा असा रडला की जणू आई आत्ताच गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. आठवणी पुसल्या जाताना नव्या आधी जातात. त्याच्या मनातलं वर्ष पाठीमागे सरकत जातं आणि त्या वर्षात आई असते. दर वेळी खरं सांगणं म्हणजे त्याला दर वेळी नव्याने पोरकं करणं. तेव्हा सत्य-असत्याच्या वादात न पडता त्याच्या भावनेला उत्तर द्यायचं. "आईची आठवण आली? तुला काय आवडायचं तिचं?" तिचा फोटो काढून दाखवायचा, तिच्या हातची जुनी शाल द्यायची. बहुतेक वेळा तो प्रश्न माहिती मागत नसतो. भूक लागलेली असते, भीती वाटत असते किंवा संडासला जायचं असतं, आणि या सगळ्याचं नाव त्याच्या लेखी आई असतं.

त्यासाठी त्याच्या आयुष्याचं एक पुस्तक करून ठेवा, तो सांगू शकतो तेव्हाच. फोटो, लाडक्या माणसांची नावं, आवडती गाणी, शाळेतल्या गमती, टोपणनावं. पुढे कुणी नवीन मदतनीस आली तर तिला तो माणूस म्हणून कळायला दुसरा मार्ग नसतो.

वागणं बिघडलं तर आधी दुखणं शोधा

ओरडणं, मारणं, कपडे काढून टाकणं, अन्न भिरकावणं. "आजारच तसा आहे" म्हणून गोळी मागायला जाऊ नका. डाउन सिंड्रोम असलेल्यांना दुखत नाही हा गैरसमज फार जुना आणि फार घातक आहे. त्यांना दुखतं, फक्त ते वेगळ्या पद्धतीने दाखवतात आणि उशिरा दाखवतात. दात, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, कान, गुडघे आणि कंबर, नखाचा कोपरा, चपलेत अडकलेला खडा: डोक्यापासून पायापर्यंत रोज बघायचं. डॉक्टरांना विचारून साधी वेदनाशामक गोळी दोन-तीन दिवस देऊन पाहा. ओरडणं थांबलं तर उत्तर मिळालं.

वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवड्यांत नमुना दिसतो. आमच्याकडे दर मंगळवार-शुक्रवारचा गोंधळ निघाला, कारण त्या दिवशी आंघोळ घालणारा मदतनीस वेगळा असायचा आणि तो पाणी थेट डोक्यावर ओतायचा.

मानसिक आजारांवरची झोप आणणारी तीव्र औषधं अगदी शेवटचा उपाय. त्यांनी पडण्याचं, गिळताना अडकण्याचं आणि गुंगीचं प्रमाण वाढतं. दिलीच तर किती दिवसांसाठी आणि कधी थांबवायची, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

फिट

या डिमेन्शियात फिट येण्याचं प्रमाण नेहमीच्या अल्झायमरपेक्षा बरंच जास्त आहे. सगळ्या फिट जमिनीवर पडून हातपाय झाडणाऱ्या नसतात. सकाळी उठल्यावर हातांना अचानक झटके बसतात, हातातला पेला उडतो, गुडघे दुमडून माणूस खाली बसतो. घरच्यांना वाटतं, धांदरटपणा. मोबाइलवर चित्रित करा आणि दाखवा, उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

मोठी फिट आली तर वेळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा. तोंडात काहीही घालू नका, पाणी नको, चमचा नको. पाच मिनिटांवर गेली, एकापाठोपाठ दुसरी आली किंवा पहिलीच असेल तर रुग्णवाहिका बोलवा.

जेवण आणि गिळणं

घासाचा वेग कमी होतो, तोंडात घास धरून ठेवला जातो, जेवताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओलसर येतो. यातली एकही खूण दिसली तर गिळण्याचे तज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्ट गाठा. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि डिमेन्शिया झालेल्या या लोकांमध्ये मृत्यूचं ते एक प्रमुख कारण आहे. पातळ पाण्यापेक्षा घट्ट द्रव सोपा जाईल की नाही, अन्न किती मऊ करायचं, हे तज्ज्ञांना ठरवू द्या. अंदाजाने घट्टपणा आणू नका.

तोपर्यंत पाळायचं असं: ताठ बसवूनच जेवण, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळला हे पाहूनच पुढचा. झोपाळलेल्या माणसाला भरवायचं नाही, कितीही वेळ झाला असला तरी. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. दात आणि जीभ रोज स्वच्छ करा, तोंडातले जंतू फुफ्फुसात जातात. वजन दर महिन्याला त्याच काट्यावर. न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. एकाएकी गळून जाणं आणि श्वास भरभर होणं एवढंच दिसू शकतं.

सांभाळणाऱ्याची गोष्ट

फार लांबवत नाही. जो एकटा सगळं करतो तो स्वतःच आजारी पडतो. कामं वाटून घ्या, आणि वाटणी "जमेल तसं" या शब्दांत करू नका: रविवार कुणाचा, रात्री कुणाच्या, पैशाचे कागद कुणाकडे. लांब राहणारं भावंड औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, हिशेब ठेवणं हे करू शकतं. वृद्ध आईवडील अजून सांभाळत असतील तर त्यांच्या पाठीकडेही बघा. प्रौढ माणसाला उचलायचं तंत्र असतं, ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं लागतं.

शेवटचा टप्पा, आधीच ठरवलेला

निदानानंतर काहींना चार-पाच वर्षं मिळतात, काहींना त्याहून जास्त. घसरण भराभर होऊ शकते. चालणं जातं, मग बोलणं, मग गिळणं. अतिदक्षता विभागात न्यायचं का, अन्न देण्यासाठी पोटातून नळी टाकायची का, हे प्रश्न मध्यरात्री रुग्णालयाच्या मार्गिकेत येतात आणि तिथे कुणाचंच डोकं चालत नाही. म्हणून निदान झालं की काही महिन्यांतच डॉक्टरांसोबत बसून बोला आणि ठरलेलं लिहून ठेवा. पुढे गेलेल्या डिमेन्शियात पोटातल्या नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा नाही. वेदना, धाप, अस्वस्थता यांवर लक्ष देणारी वेदनाशामक सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर लवकर जोडून घ्या. ती फक्त शेवटच्या आठवड्यासाठी नसते.

रुग्णालयात नेण्यासाठी एक पान दारामागे टांगून ठेवा: त्याला कसं बोलावतात, दुखलं की तो काय करतो, कसं गिळतो, मान, थायरॉइड, फिट, गोळ्या, आणि सहा महिन्यांपूर्वी तो काय काय करू शकत होता. हे शेवटचं नसेल तर "हा असाच असतो" असं गृहीत धरलं जातं. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज बघा. लाल झालेली आणि दाबल्यावर पांढरी न पडणारी जागा म्हणजे जखमेची सुरुवात.

त्याच्या मित्रांना

ही गोष्ट कुणी सांगत नाही. कार्यशाळेतले, राहत्या ठिकाणचे त्याचे मित्र हे सगळं बघत असतात. त्यांनाही सांगा, त्यांना भेटू द्या, कसं बोलायचं ते दाखवा. ते आपल्यापेक्षा कमी घाबरतात. दादाच्या शेजारी वीस वर्षं बसणारा त्याचा मित्र, तोही डाउन सिंड्रोमचाच, एकदा भेटायला आला. बराच वेळ दादाचा हात धरून बसला, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "मला पण होणार?" मी म्हटलं, "होऊ शकतं. नाहीही होणार. झालं तर तुझी ताई असेल, आम्ही पण असू." त्याने थोडा विचार केला. मग विचारलं, दादाची खिडकीजवळची खुर्ची आता कोण घेणार, आणि तो बरा होईपर्यंत त्याने बसलं तर चालेल का.